पाठ, वाट आणि ओझं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माणूस काय वाहून नेतो आहे ते पाहिलं, की तो कुठं निघाला आहे हे बहुतेक वेळा कळतं. आमच्या चिंचवडच्या रस्त्यावर तर हे रोज दिसतं. कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेल्याच्या पाठीवर डब्याची बॅग असते. स्टेशनावर परगावच्या गाडीतून उतरलेल्या मजुराच्या डोक्यावर बोचकं असतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्यांच्या खांद्यावर पडशी असते. मालधक्क्यावर माथाडी कामगार असतात. ज्यांच्या कामाची ओळखच माथ्यावरच्या ओझ्यानं झाली आणि ज्यांच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, ते हे लोक.

आज मी एका वेगळ्या ओझ्याविषयी बोलणार आहे. स्कीवरून बर्फाळ डोंगरात चार-सहा दिवस भटकायला जाणाऱ्याची सॅक कशी निवडावी, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, चिंचवडचा आणि बर्फाचा काय संबंध? आमचा बर्फ रसवंतीत नाही तर मासळी बाजारात! प्रश्न रास्त आहे. पण पुण्याकडच्या माणसांना हिमालय परका राहिलेला नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आता चाकण, तळवडे भागातल्या कंपन्यांमधली मुलं वर्षभराच्या रजा साठवून हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला स्की शिकायला जातात. गुलमर्गला तर यासाठी १९६८ पासून सरकारी संस्था आहे.

त्यातली काही मुलं पाळण्यानं वर जाऊन घसरत खाली येण्यावर थांबत नाहीत. ती स्कीवरूनच डोंगर चढतात. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. तिची लव एका दिशेला झुकलेली असते, त्यामुळे पाऊल पुढं सरकतं, पण मागं घसरत नाही. पूर्वी यासाठी सील प्राण्याचं कातडं वापरत, म्हणून तिला अजून ‘स्किन’च म्हणतात. माथ्यावर पोचलं की पट्टी काढायची, टाच पक्की करायची आणि उतार धरायचा. या खेळाला आता २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही जागा मिळाली.

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. दोन हिवाळे तो स्की शिकला. या खेपेला वाटाड्यासह सहा जणांनी काश्मीरमध्ये पाच दिवस तंबूत राहून फिरायचं ठरवलं. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, काळजीत पडली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ हिमस्खलन झालं, उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण गेले. त्या बातम्या तिनं पाहिल्या होत्या. ती मला म्हणाली, “भाई, तो थांबायचा नाही. निदान त्याच्या पाठीवर काय जातंय ते तुम्ही बघा.”

मी कविता लिहितो हे खरं, पण पंचवीस वर्षं पोट भरलं ते कंपनीच्या स्टोअरमध्ये. कोणता माल कशात भरायचा हे तिथं शिकलो. अब्बा टेलर होते, त्यामुळे शिलाई पाहायची नजर घरातूनच आली. आणि तरुणपणी जुन्या बाजारातून घेतलेली मिलिटरीची हॅवरसॅक घेऊन राजगड-तोरणा केला आहे. त्या हॅवरसॅकचे पट्टे खांद्यात कसे रुततात ते खांद्यांना अजून आठवतं. बर्फातलं जे मला ठाऊक नव्हतं ते भाच्याच्या वाटाड्याला फोन करकरून विचारून घेतलं.

भाच्याचा पहिलाच प्रश्न होता, “मामू, सगळीकडे लिहिलंय की स्कीच्या सफरीला चाळीस लिटरची सॅक पुरते. मग तीच घेऊ ना?”

हे चाळीस लिटर आले कुठून, ते आधी पाहायला हवं. स्कीवरच्या भटकंतीचं बरंचसं लेखन युरोपातल्या आल्प्स पर्वतातलं आहे. तिथं फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटपर्यंत प्रसिद्ध वाट आहे. ती स्कीवरून पहिल्यांदा १९११ साली पार झाली. आठवडाभराच्या या वाटेवर मुक्कामाला डोंगरी निवारे आहेत. रात्री तिथं गरम जेवण मिळतं, अंथरूण-पांघरूण मिळतं. म्हणजे प्रवाशानं न्यायचं ते कपडे, खाऊ, पाणी आणि सुरक्षेचं सामान. त्याला पस्तीस-चाळीस लिटर पुरतात. आपल्या हिमालयात रानात असे निवारे नाहीत. तंबू, कडक थंडीची स्लीपिंग बॅग, खाली घालायची चटई, स्टोव्ह, इंधन, बर्फ वितळवायचं भांडं आणि पाच दिवसांचा शिधा, हे सगळं पाठीवरच जातं. सुका शिधा माणशी दिवसाला पाऊण किलो धरला तरी पाच दिवसांचा पावणेचार किलो होतो. चाळीस लिटरच्या सॅकमध्ये हे बसवायचं तर अर्धं बाहेर लटकवावं लागेल. आणि बाहेर लटकणारी वस्तू उतारावर माणसाला पाडते.

मग ऐंशी लिटरची का नको? तर मोठ्या पिशवीची एक खोड असते. तिच्यात जागा उरली की आपण ती भरतो. चालताना दोन किलो जास्तीचे झाले तर माणूस दमतो. स्कीवर वळताना तेच दोन किलो त्याला वळणाबाहेर ओढतात.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, सॅक नंतर बघू, आधी सामान मांड. त्यानं हॉलमध्ये चादर अंथरून सगळं मांडलं. सहा जणांत तंबू, स्टोव्ह आणि भांडी वाटून घेतली. तिसरा टी-शर्ट गेला, दुसरा टॉर्च गेला, जाड वही गेली. उरलं ते दोन खोक्यांत भरून अंदाज घेतला. पंचावन्न लिटर पुरेसे होते. शिखरावर जायच्या दिवशी तंबू मुक्कामावरच राहतो, तेव्हा हीच सॅक बाजूचे पट्टे आवळून लहान करता आली पाहिजे, ही अट त्यात घातली.

दुसरी गोष्ट पाठ. दुकानात लोक आपली उंची सांगतात. सॅकला उंचीशी देणंघेणं नसतं, तिला पाठीची लांबी लागते. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून टेप धरायचा आणि कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणाऱ्या रेषेपर्यंत आणायचा. भाचा पावणेसहा फूट आहे, पण त्याची पाठ आखूड आणि पाय लांब. उंची पाहून त्याच्या हाती मोठ्या मापाची सॅक दिली गेली असती, तर कमरेचा पट्टा कमरेखाली उतरला असता. आणि सगळी मेख तर त्या पट्ट्यातच आहे. नीट बसलेल्या सॅकचं बरंचसं वजन कमरेच्या हाडांवर येतं, खांदे फक्त ती सावरून धरतात. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवायला घेतल्या, त्यानंतर हा कमरपट्टा रुळला. १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट पिशवीच्या आत नेली. त्यामुळे ओझं पाठीला बिलगलं. स्कीवाल्याला नेमकं हेच हवं असतं.

म्हणूनच उन्हाळी ट्रेकला बरी वाटणारी, पाठीशी ताणलेल्या जाळीची सॅक इथं कामाची नाही. घाम सुकावा म्हणून ती ओझं पाठीपासून दूर धरते. दूर गेलेलं ओझं वळणावर झोके खातं. शिवाय जाळीत बर्फ अडकतो आणि तिथंच गोठतो. पाठीकडची बाजू गुळगुळीत असावी, म्हणजे बर्फ झटकला की निघून जातो. बकलं हातमोजे घालूनच लावून-काढून पाहावीत. आम्ही दुकानात हातमोजे घेऊन गेलो, तेव्हा बाहेर ऊन चाळीशीला टेकलं होतं. दुकानदार आधी हसला, मग त्यानंच दोन सॅक बाजूला काढून ठेवल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे स्की. कडा फार उभा किंवा खडकाळ असला की स्की पायातून काढून सॅकला बांधाव्या लागतात. त्याच्या दोन रीती आहेत. एकेक स्की दोन्ही बाजूंना बांधायची आणि टोकं वर एकत्र आवळायची, किंवा दोन्ही मिळून पाठीवर तिरप्या बांधायच्या. पहिल्या रीतीत तोल चांगला राहतो, दुसरी झटपट होते. स्कीच्या कडा धारदार असतात, त्यामुळे त्या जिथं घासतात तिथलं कापड दुहेरी हवं. कापडावर ‘डेनियर’चा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, तो हा आकडा. दोनशेदहा डेनियरचं कापड हलकं असतं, चारशेवीसचं जाड आणि दणकट. सगळीकडे जाड कापड घेतलं तर सॅकच जड होते, म्हणून घासणाऱ्या जागी ते हवं. पट्टे जिथं शिवलेत तिथं दाट उलटसुलट टाके आहेत का, हेही पाहावं. आणि हे सगळं सॅक भरलेली असताना पाहावं. रिकाम्या सॅकवर स्की कुठंही छान बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिमस्खलनात पूर्ण गाडल्या गेलेल्यांच्या स्वित्झर्लंडमधल्या नोंदी काय सांगतात? दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ जण वाचतात. अर्धा तास झाला की दहात तीनच. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. वाचवायचं ते बरोबरच्या सोबत्यांनी. त्यासाठी तीन वस्तू प्रत्येकाजवळ लागतात: संकेत देणारं आणि शोधणारं यंत्र, घडीची लांब सळई आणि फावडं. यंत्र सॅकमध्ये कधीच ठेवायचं नाही, ते अंगावर बांधायचं, कारण सॅक अंगावेगळी होऊ शकते. सळई आणि फावड्याला मात्र सॅकमध्ये बाहेरून थेट उघडणारा स्वतंत्र कप्पा हवा. फावडं तंबूखाली दडलं असेल तर ते काढेपर्यंत त्या दहातली दोन मिनिटं गेली. बाहेर अडकवलेलं फावडं पडझडीत तुटून जाऊ शकतं. सॅक घ्यायला जाताना फावडं आणि सळई बरोबर न्यावी आणि कप्प्यात घालून पाहावी. आम्ही पाहिलेल्या एका देखण्या सॅकमध्ये फावड्याचा दांडा मावत नव्हता. ती तिथंच ठेवली.

हवेची पिशवी असलेल्या सॅकही मिळतात. दोर ओढला की पिशवी फुगते आणि माणूस बर्फाच्या वरच्या थरात राहायची शक्यता वाढते. चिवड्याचा डबा हलवला की खोबऱ्याचे काप वर येतात आणि बारीक मीठ-मसाला तळाशी जातो, तसाच हा नियम. पण ही सॅक एकदोन किलोंनी जड असते, पिशवी आतली जागा खाते, गॅसची नळी असेल तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. झाडावर वा खडकावर आदळण्यापासून ती वाचवत नाही. एका दिवसाच्या फेरीला ती घेणारे पुष्कळ आहेत. तंबूच्या सफरीत विचार करून ठरवावं. वाटाड्या म्हणाला ते मला पटलं: “पिशवी फुगवायची वेळ येणार नाही असा उतार निवडणं, हे माझं पहिलं काम.”

राहिली परीक्षा. चिंचवडमध्ये बर्फ नाही, पण वजन आहे. पाण्याच्या बाटल्या आणि तांदूळ मिळून पंधरा किलो भरले. दुकानातच भाचा एका पायावर उभा राहिला, वाकला, कमरेतून झटकन दोन्हीकडे वळला. सॅक त्याच्याबरोबर वळली, मागून आली नाही. मग चार रविवार लोणावळा लोकलनं मळवलीला उतरून लोहगड चढला-उतरला. दुसऱ्या रविवारी डाव्या खांद्यावर वळ उठला, तेव्हा खांद्याचा वरचा पट्टा किती आवळायचा ते कळलं. जड सामान पाठीला चिकटून मधोमध, हलकं बाहेरच्या बाजूला, स्लीपिंग बॅग तळाशी, हा भरण्याचा क्रम त्याच्या हातांत बसला. बर्फात बोटं बधिर झाली की डोकं मंद चालतं, तेव्हा हातांना आठवतं तेच खरं.

माझ्या बहिणीनं शेवटी ती सॅक स्वतः उचलून पाहिली. तिनं एकच विचारलं, “फावडं कुठं आहे?” भाच्यानं डोळे मिटून चेन उघडली आणि फावडं तिच्या हातात दिलं. तिची काळजी गेली असं मी म्हणणार नाही, आईची काळजी अशी जात नसते. पण त्यानंतर तिनं शिध्यासाठी खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू करायला घेतले.

श्रोतेहो, तुमच्या घरातलं कुणी बर्फात निघालं असेल तर रंग, नाव, किंमत हे सगळं शेवटी पाहा. आधी वाट विचारा: रात्री डोक्यावर छप्पर आहे की तेही न्यायचं आहे? मग सामान मांडा आणि त्यातलं कमी करा. मग टेप घेऊन पाठ मोजा. दुकानात स्की, फावडं आणि हातमोजे घेऊन जा. आणि आणलेली सॅक महिनाभर आपल्याच डोंगरांवर वागवा. सह्याद्रीत तिची जी चूक सापडेल ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. हिमालयात तो मिळेलच असं नाही.