आधी वीज बंद, मग हात
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आज एका लहानशा वस्तूविषयी चार शब्द बोलणार आहे. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक २०१२ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथून बाजारात आला. मुलांना संगणकाचे अंतरंग कळावे, हा त्यामागील हेतू. २०१४ पासून त्याच्या बहुतेक नमुन्यांवर चाळीस पिनांची रांग असते. तिच्यावर जो जोड-बोर्ड बसतो, त्याला ‘हॅट’ म्हणतात.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने चालू संगणकावरच असा बोर्ड दाबला. तो एक जागा सरकून बसला आणि संगणक कायमचा बंद पडला. मुलगा आठ दिवस प्रयोगशाळेकडे फिरकला नाही. त्याची अम्मी शिलाईकाम करते. ती येऊन म्हणाली, “सर, पैसे हप्त्याने घ्या, पण त्याला काढू नका.” मी खजील झालो. वस्तू आम्ही दिली होती, रीत शिकवली नव्हती.

असे का झाले? पिन क्रमांक २ व ४ वर पाच व्होल्ट असतात आणि शेजारची ६ क्रमांकाची पिन ग्राउंडची. सिग्नलच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच सोसतात. बोर्ड एक जागा चुकला की पाच व्होल्ट ग्राउंडला भिडतात, किंवा सिग्नलच्या पिनेत शिरून चिप जाळतात.

म्हणून रीत अशी. प्रथम शटडाऊनची आज्ञा द्यावी आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा. मग वायर काढावी. शटडाऊन झाले तरी वायर असेपर्यंत पाच व्होल्टच्या पिना जिवंतच असतात, हे विसरू नये. अर्थ असलेल्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि बोर्ड कडांनी धरावा. पहिली पिन पाहून चाळीसही पिना छिद्रांसमोर आल्याची खात्री करावी, मगच सारखा दाब द्यावा. कोपऱ्यांना आधाराचे खांब लावावेत. काढताना एकाच टोकाने उपटू नये, पिना वाकतात. दोन्ही टोके आळीपाळीने थोडीथोडी उचलावीत. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. सगळे पुन्हा तपासल्यावरच वीज द्यावी. चालू संगणकावर बोर्ड बसवून लाभही नाही, कारण हॅटवरील ओळख संगणक सुरू होतानाच वाचतो.

पालकहो, मुलाच्या हातून काही बिघडले, तर “किती रुपयांचे?” असे प्रथम विचारू नका. “कोणती पायरी चुकली?” असे विचारा. भ्यालेले मूल चूक लपवते आणि लपवलेली चूक पुन्हा घडते.

त्या मुलाकडून आम्ही एक पैसाही घेतला नाही. आज नव्या विद्यार्थ्यांना बोर्ड बसवायला तोच शिकवतो. त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : “आधी वायर दाखव.”