नळीने जेवणारे मूल आणि आपले घर
(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून आजारपणाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या मुलाचे पोट भरत नाही, ते शाळेच्या दारापर्यंत पोचणार कसे? म्हणून ज्या लहान मुलांना डॉक्टर नळीने अन्न देण्याचा सल्ला देतात, त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

अशी वेळ का येते? सेरेब्रल पाल्सी झालेल्या काही मुलांच्या गिळण्याच्या स्नायूंत मेळ नसतो. घास श्वासनलिकेत जातो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही. जन्मतः हृदयाचा विकार असलेले बाळ दूध ओढतानाच दमून जाते. यात आईच्या दुधाचा किंवा तिच्या पायगुणाचा काडीचाही दोष नसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी.

काही आठवड्यांपुरती गरज असेल तर नळी नाकातून पोटात घालतात. गरज दीर्घ काळाची असेल तर पोटावर लहानसे छिद्र करून ती थेट जठरात बसवतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडावे लागे. १९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मायकेल गॉडरर आणि डॉ. जेफ्री पॉन्स्की यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता, एका तान्ह्या बाळाला अशी नळी बसवली. पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली.

‘पोटाला भोक’ हे शब्द ऐकून घर हादरते आणि निर्णय लांबणीवर पडतो. तोवर मूल वाळत जाते. वाढीच्या वयात गेलेले महिने परत मिळवणे कठीण असते. नळी म्हणजे आशा संपली असे नव्हे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास मूल तोंडानेही थोडे खाऊ शकते, आणि गरज संपली की नळी काढताही येते.

आता घराच्या तयारीकडे वळू. माझे मुख्य सांगणे एकच आहे : नळी मुलाची असली तरी तिची जबाबदारी एकट्या अम्मीची नाही. रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी किमान दोघांनी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने अन्न देऊन दाखवावे. त्यांपैकी एक अब्बा असावेत. दिवसातून पाच-सहा वेळा आणि कधी रात्रीही हे काम करावे लागते. एकटी बाई आजारी पडली, तर मुलाला उपाशी ठेवायचे काय?

घरातील एक स्वच्छ फळी या सामानासाठी राखून ठेवावी. हात साबणाने धुवावेत. मूल आडवे न ठेवता डोके व छाती उंच ठेवावी, आणि अन्न दिल्यावरही अर्धा तास तसेच ठेवावे. नाकातील नळी जागेवर आहे की नाही, हे शिकवलेल्या रीतीने प्रत्येक वेळी तपासावे. अन्न सावकाश द्यावे. आधी व नंतर, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पाणी सोडून नळी साफ करावी. मनाने डाळ-खिचडी पातळ करून घालू नये, नळी तुंबते. मूल खोकू लागले, गुदमरले किंवा निळे पडले तर अन्न तत्काळ थांबवावे आणि रुग्णालय गाठावे. पोटावरील नळी निघून आली तर छिद्र काही तासांतच बुजू लागते. त्यावर स्वच्छ कापड ठेवून ताबडतोब निघावे. नळीचा आकार आणि रुग्णालयाचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

दादी किंवा शेजारच्या खाला प्रेमापोटी मुलाच्या तोंडात बिस्किट देतात. ज्याचा घास फुप्फुसात जातो, त्याच्या ते जिवावर बेतू शकते. त्यांना दटावू नका. बाजूला बसवून कारण समजावून सांगा. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची नुसती चव द्यायची, तरी डॉक्टरांना विचारूनच द्या. तोंडाने खात नसले, तरी मुलाचे दात दोन वेळा घासलेच पाहिजेत.

आणि त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. घर दस्तरखानावर बसेल, तेव्हा त्यालाही जवळ बसवून त्याच वेळी नळीने अन्न द्या. जेवण म्हणजे चौघांत बसणे, हे त्यालाही कळू द्या. भावंडांच्या वाट्याचा वेळ मात्र त्यात हरवू नये.

विद्यार्थी मित्रहो, नळी संसर्गजन्य नाही. असा मुलगा वर्गात आला तर टक लावून पाहू नका, खेळताना नळीला धक्का लागू देऊ नका आणि डबा खाताना त्याला सोबत घ्या. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. पालकांनी तो हक्क मागावा, आणि शिक्षकांनी दार उघडे ठेवावे.

ज्या घरात हे काम चार हातांत वाटले जाते, तेथे आई खचत नाही आणि मूलही मागे पडत नाही. आपले घर असे असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.