खैराचा गाभा

खैराचे खोड आडवे कापले की एकाच लाकडात दोन लाकडे दिसतात. बाहेर पिवळट पांढऱ्या लाकडाचे कडे आणि आत लाल, वाळेल तसा काळवंडत जाणारा गाभा. पांढऱ्या कड्याला वाळवी पाहता पाहता फस्त करते. गाभ्याच्या वाटेला ती जात नाही. मुसळ होते ते या गाभ्याचे, आणि विड्यातला कातही निघतो तो यातूनच.

झाड दिसायला यथातथाच. उंची दहा-पंधरा मीटर, कोकणातल्या मुरमाड उतारावर त्याहून कमीच. पाने बाभळीच्या वळणाची, देठाखाली आकडीसारख्या काट्यांची जोडी, लांब पट्ट्यांनी सुटणारी तपकिरी साल. हिमालयाच्या पायथ्याशी नदीने टाकलेल्या वाळू-गोट्यांतही खैर आणि शिसू यांची राने माजतात. संस्कृतात हा खदिर. ‘आता खैर नाही’ यातली खैर मात्र अरबी-फारसीतून आलेली. तिचा या झाडाशी काही संबंध नाही.

खोडाच्या आतल्या पेशी मरता मरता त्यांत कॅटेचिन आणि टॅनिन साठत जाते. लाकडाला रंग येतो तो त्यामुळे, आणि बुरशी व कीड दूर राहते तीही त्यामुळेच. असा गाभा भरायला दोन-तीन दशके लागतात. वाळलेल्या गाभ्याच्या एका घनमीटरचे वजन ९०० ते १,००० किलोच्या घरात जाते. साग साधारण ६५० किलोचा. साहजिकच वाळलेल्या खैरावर करवतीचे दात लवकर बोथट होतात.

जिथे घाव, घासणी किंवा ओल सोसायची, तिथे हे लाकूड वापरले गेले: मुसळ, मेखा, कुऱ्हाडीचे दांडे, नांगर, गाडीच्या चाकाचा तुंबा, घराचे आणि कुंपणाचे खांब. त्याचा कोळसाही उत्तम मानला जातो. फळ्या पाडून फर्निचर करण्याच्या कामाचे हे लाकूड नव्हे. वैदिक यज्ञात तूप वाढण्याचा स्रुवा खदिराचा असे, आणि नवग्रहांच्या होमात मंगळाची समिधा आजही खैराचीच लागते.

कात काढण्याची रीत सांगायला सोपी, करायला किचकट. जाणता कातवाला खोडाला खाच पाडून गाभ्यात पांढरे ठिपके दिसतात का ते पाही. ठिपके दाट असतील तर कात भरपूर. मग पांढरे लाकूड तासून टाकायचे, गाभ्याच्या ढलप्या काढायच्या आणि मडक्यांत पाणी घालून तासन्‌तास उकळायच्या. काढा गाळून आटवला आणि थंड होऊ दिला की कॅटेचिनचे बारीक स्फटिक खाली बसतात. ते दाबून, वड्या पाडून सावलीत वाळवले की झाला कात. यात लोखंडाचे भांडे चालत नाही. टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की माल काळा पडतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवते. कॅटेचिन हे नावही कॅटेचू म्हणजे कात या शब्दावरूनच पडले. चहाच्या पानात सापडणारे ते हेच. विडा रंगतो तो चुन्यामुळे: चुन्याच्या क्षारात कॅटेचिनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन लाल रंग उतरतो.

स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा गडद द्रव टॅनिनचा. तो आटवून रंगाऱ्यांना तपकिरी रंग मिळाला. नायलॉन येण्याआधी सुती जाळी आणि शिडे कुजू नयेत म्हणून युरोपातले मच्छीमारही ती याच रंगात बुडवत. आयुर्वेदात खदिर त्वचारोगांवर आणि तोंडाच्या विकारांवर सांगितला आहे. खदिरारिष्ट आजही मिळते.

रायगड-ठाण्याच्या डोंगरांतल्या कातकऱ्यांचे नावच या धंद्यावरून पडले. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि ज्या खैरावर त्यांचे पोट होते तोच तोडणे गुन्हा ठरू लागला. पुढे बरेच जण कोळसा आणि वीटभट्टीच्या मजुरीकडे वळले. कात पाडण्याची विद्या ज्यांची, त्यांच्याच हातून ती गेली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. चिपळूण-सावर्डे भागात काताचे कारखाने उभे राहिले. मडक्यांच्या जागी तिथे मोठी पातेली आणि बाष्पक आले, पण क्रम तोच: ढलपी, काढा, गाळणी, गारवा. सत्त्व निघून गेलेल्या ढलप्या उन्हात वाळवतात आणि पुढचा काढा उकळायला त्याच भट्टीत घालतात.