हौद, नळ आणि आपली वसई



मी आयुष्यभर शाळेत हौदाची व नळांची उदाहरणे शिकविली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय झाले, माझ्या ओटीवर पाणी चढले, तेव्हा उमगले की, आपण हौदातच राहतो आहोत.

एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १० हजार लिटर पाणी होते. पैकी वाडीच्या मातीत किती मुरेल, फरसबंदीवरून किती वाहील, खाडीला भरती असता किती तुंबेल, हे समीकरणांत मांडणे म्हणजे गणिती प्रतिमान. संगणक तेच तासातासाने सोडवितो. मात्र गृहीत चुकले, की उत्तरही चुकते. त्या पुराची कारणे शोधण्यास महानगरपालिकेने मुंबईची आय.आय.टी. व ‘नीरी’ यांना पाचारण केले.

आमच्या मुलांना तयार उदाहरण सोडविता येते, मांडता येत नाही. हा दोष त्यांचा नव्हे, माझ्यासारख्या शिक्षकांचा आहे. तरी यंदा प्रत्येक घरी मुलामुलींनी अंगणातील पाऊस व विहिरीची पातळी रोज वहीत टिपावी. आणि वाडीत भराव घालण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ती वही पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.