नेम कोणाचा?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन नावाचे गाव आहे. शनीचे क्षेत्र म्हणून ते आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. इतिहासाच्या वाचकांस ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी आणि राघोबादादांनी त्या दिवशी निजामाच्या फौजेचा मोड केला व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. त्या काळची तोड्याची बंदूक म्हणजे आतून गुळगुळीत नळी. दारू व गोळी तोंडाकडून ठासावयाची आणि जामगीने पेटवावयाची. लांबच्या अंतरावर तिच्या गोळीचा भरवसा खुद्द बंदूकवाल्यासही नसे. म्हणून कवायती फौजा एकेकट्याच्या नेमावर विसंबत नसत. ओळीने उभे राहून सारे मिळून एकदम बार काढीत. पुढे एकोणिसाव्या शतकात नळीच्या आत पीळ पाडलेल्या रायफली सर्रास झाल्या, गोळी सरळ जाऊ लागली, आणि नेमबाजी ही एकेका माणसाची विद्या झाली.

आता ती विद्या माणसाच्या हातून यंत्राकडे जाऊ पाहत आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतातील एका कंपनीने २०१३ मध्ये संगणकयुक्त रायफल बाजारात आणली. तिची रीत अशी: नेमबाजाने दुर्बिणीतून लक्ष्य पाहून त्यावर खूण करावयाची. लेसर किरणाने अंतर मोजले जाते. हवेचा दाब, उष्णतामान, बंदुकीचा कल यांचा हिशेब संगणक मांडतो. वाऱ्याचा वेग मात्र माणसानेच सांगावयाचा. मग चाप ओढून धरला तरी गोळी सुटत नाही. नळीचा रोख खुणेशी जुळतो त्याच क्षणी ती सुटते. अमेरिकेच्या भूसेनेनेही २०२२ मध्ये अंतर मोजून हिशेब करणारी दुर्बीण आपल्या नव्या रायफलींसाठी निवडली.

हा हिशेब क्षुल्लक नव्हे. सेकंदास ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी, हवेचा अडथळा मुळीच धरला नाही तरी, ३०० मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे ६९ सेंटीमीटर खाली येते. म्हणजे छातीवर धरलेला नेम मांडीखाली उतरावा. हे गणित जुना नेमबाज वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी मुरवीत असे. मग जे यंत्र क्षणार्धात करते, त्यासाठी माणसाने उमेदीची वर्षे का घालवावीत?

या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी दिले. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम साधण्याच्या प्रकारात, त्यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. या प्रकारातील भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. या खेळात रायफलीवर दुर्बीण लावण्यास मुळी परवानगीच नसते. नळीवरची माशी आणि डोळ्यासमोरचे बारीक छिद्र एवढाच आधार. आणि ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे! वाऱ्याची झुळूक आली तर तिचा अंदाज घ्यावयाचा, अथवा थांबावयाचे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या खेळाने यंत्रास हद्दपार केलेले नाही. गोळी कोठे लागली ते दशांश गुणापर्यंत यंत्रच सांगते. सरावाच्या वेळी नळीचा बारीकसा कंपही पडद्यावर उमटविणारी साधने नेमबाज वापरतात. यंत्र शिक्षक आहे, यंत्र परीक्षक आहे. चाप ओढण्याचा क्षण तेवढा माणसाचा ठेवलेला आहे.

तो क्षण राखून ठेवणे खेळात शोभते. पण खेळाबाहेर त्याचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. त्यासाठी पुन्हा बीड जिल्ह्याकडेच वळावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. तथापि तिच्यामागोमाग जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात गाजला, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. वरातीत अगर मिरवणुकीत हवेत बार काढणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीपासून शस्त्रकायद्याखाली स्वतंत्र गुन्हाच आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. अशा बार काढणाऱ्याच्या हाती संगणकाची दुर्बीण दिली तर काय साधेल? त्याचा नेम सुधारेल, विवेक सुधारणार नाही.

महाभारतातील पक्ष्याच्या डोळ्याची कथा आपण मुलांस नित्य सांगतो. अर्जुनास डोळ्यावाचून काही दिसले नाही, हे त्याचे श्रेष्ठत्व. पण श्रोतेहो, डोळ्यावाचून काहीच न दिसणे हे तर आता यंत्रासही साधले आहे! त्याच महाभारताच्या सौप्तिकपर्वात दुसरी कथा आहे. अश्वत्थाम्याने आणि अर्जुनाने परस्परांवर अस्त्रे सोडली. ऋषींनी ती आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्यास ते घेता आले नाही. दोघेही एकाच गुरूचे शिष्य. एकास सोडण्याची विद्या आली, दुसऱ्यास आवरण्याचीही आली.

बंदुकीची गोळी मागे घेता येत नाही. म्हणून तिचे आवरणे चाप ओढण्यापूर्वीच व्हावे लागते. श्वास रोखून, वाऱ्याची वाट पाहून, मन साशंक असता बोट सैल सोडण्याची जी सवय नेमबाजास वर्षानुवर्षांनी लागते, ती या आवरण्याचीच शिकवण होय. निष्णात नेमबाज सज्जनच असतो, असे मी म्हणत नाही. इतिहास तसे सांगत नाही. परंतु सरावाचा दीर्घ काळ गुरूच्या देखत जातो, आणि शिष्याचा स्वभाव पारखण्याची संधी त्यात मिळते. विकत घेतलेल्या नेमात ती मिळत नाही.

यंत्राचेही एक न्याय्य म्हणणे आहे. ज्या सैनिकास वा पोलिसास शस्त्र चालविणे भागच आहे, त्याची गोळी चुकून निरपराध्यास लागण्यापेक्षा यंत्राने नेम सुधारला तर ते इष्टच. मात्र २०१५ मध्ये दोन संशोधकांनी टेक्सासच्या त्या रायफलीच्या बिनतारी जोडणीतून संगणकात शिरून, गोळी भलत्याच लक्ष्याकडे वळविता येते, हे दाखवून दिले. तेव्हा यंत्र चुकले हे ओळखण्यापुरती तरी विद्या वापरणाऱ्याच्या अंगी हवीच. त्यांनाही एक गोष्ट मात्र करता आली नाही. चाप ओढावयास बोट माणसाचेच लागले.

त्या बोटाची जबाबदारी कोणत्याही दुर्बिणीवर टाकता येणार नाही. गोळी कोठे जाईल हे यंत्राने सांगावे; ती जावी की नाही, हे सांगण्याचे काम माणसाने आपल्याकडे ठेवावे, आणि त्या कामाचे शिक्षण शस्त्र हाती येण्यापूर्वीच घ्यावे.