परदेशवास, आजारपण आणि विमा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



 आम्ही डॉक्टर नव्हे, विमाव्यवसायातील तज्ज्ञही नव्हे. खडू-फळ्यापाशी आयुष्य वेचलेले एक मॅट्रिक झालेले शिक्षक आहोत. परंतु आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज देशोदेशी नांदत आहेत आणि आपण म्हातारी माणसे नातवंडांच्या ओढीने महिनोन्महिने तिकडे राहू लागलो आहोत. सामानात लोणची-पापड भरताना जी चिंता आपण वाहतो, तिच्या चतुर्थांशानेही विम्याचे कागद आपण वाचीत नाही. म्हणून हा विषय निवडला.

प्रत्येक देशाची रीत निराळी. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सहा महिन्यांहून अधिक काळाचा परवाना मागणाऱ्यास तेथे अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांस दरसाल १,०३५ पौंड व विद्यार्थ्यांस ७७६ पौंड असा ठरला, आणि जितक्या वर्षांचा परवाना, तितक्या वर्षांची रक्कम एकदम द्यावयाची. तो भरला की रुग्णालयाचे दार उघडे. औषधाच्या चिठ्ठीवरील प्रत्येक औषधास इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून ९.९० पौंड आकार ठरला. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्यांस तो माफ. स्कॉटलंड व वेल्स येथे हा आकार कोणासच नाही.

परंतु पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांस हे छत्र नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. तातडीच्या विभागातील उपचार विनामूल्य होतात खरे. मात्र रुग्ण दाखल झाला की बिल सुरू होते, तेही मूळ खर्चाच्या दीडपट. पाचशे पौंड वा त्याहून अधिक देणे दोन महिने थकले, तर पुढील व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८३ साली, आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. तेथील सार्वजनिक विम्यात कमावत्या माणसाबरोबर न कमावती पत्नी व मुले जादा हप्त्याविना सामावली जातात. आईवडील मात्र नाहीत. औषधाच्या किमतीचा दहावा हिस्सा, पाच युरोंहून कमी नाही व दहांहून अधिक नाही, असा रुग्णाने द्यावयाचा. पाहुण्यास तर किमान तीस हजार युरोंचा विमा दाखविल्याविना व्हिसाच मिळत नाही.

अमेरिकेचे गणित सर्वांत कठीण. १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णास तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बहुतेक रुग्णालयांस बंधनकारक आहे. पण बिल चुकत नाही. विमा असला तरी आरंभीची ठराविक रक्कम स्वतः सोसावी लागते, विमा कंपनीच्या यादीतलाच डॉक्टर गाठावा लागतो, आणि औषधही तिच्या यादीत असावे लागते. पाहुण्यांच्या विम्यात जुने दुखणे बहुधा वगळलेले असते.

येथेच खरी मेख आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी हप्ता वाढेल या भीतीने अर्जात रक्तदाबाचा उल्लेख टाळला. परमुलखात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी विचारले, "नित्य कोणती औषधे घेता?" तेथे खोटे बोलणे म्हणजे जिवाशी खेळ, मुलाने खरे ते सांगितले. ते रुग्णालयाच्या कागदावर उतरले, कंपनीने तो कागद मागविला आणि दावा फेटाळला. गृहस्थ बरे झाले. परंतु मुलगा आजही बिलाचे हप्ते फेडीत आहे आणि पिता फोनवर त्याच्याशी मोकळेपणाने बोलू शकत नाही. डॉक्टरांपासून जे लपविता येत नाही, ते विमा कंपनीपासून लपविण्यात शहाणपण ते कोणते?

औषधांविषयी दोन शब्द. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी इंग्लंडमधील औषधविक्रेता ग्राह्य धरीत नाही. तेथील डॉक्टरांकडून नवी घ्यावी लागते. त्यासाठी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यावे. त्यात दुखण्याचे नाव, औषधाचे मूळ नाव व मात्रा असावी. केवळ व्यापारी नाव उपयोगी पडत नाही. आपले क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल, आणि अमेरिकेत त्यासच ॲसिटॅमिनोफेन म्हणतात! औषधे मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत ठेवावीत. झोपेची वा तीव्र वेदनाशामक औषधे नेण्यास त्या देशाची परवानगी आहे की नाही, हे आधी पाहावे. दाखल होण्यापूर्वी, ते शक्य नसल्यास लगोलग, विमा कंपनीस कळवावे. प्रत्येक पावती, चिठ्ठी व अहवाल जपून ठेवावा. दर बदलतात, म्हणून तिकीट काढताना ते पुनश्च पडताळावे.

अखेरीस मंडळास एक विनंती. ज्या कुटुंबांस परदेशात उपचार घ्यावे लागले, त्यांचे अनुभव मंडळाने एका वहीत टिपून ठेवावेत आणि जाणाऱ्या प्रत्येकास ती वही वाचावयास द्यावी. एकाची ठेच दुसऱ्यास शहाणे करील. मुलांच्या घरी आपण आनंद होऊन जावे, ऋण होऊन नव्हे.