लिंक द्या, पण कमिशन मिळतं हेही सांगा



ॲफिलिएट मार्केटिंग हे नाव नवं असलं तरी व्यवहार जुनाच आहे. गिऱ्हाईक आणून द्यायचं आणि दलाली घ्यायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून आधी यंत्रणा सांगतो. ऑनलाइन दुकान तुम्हाला एक लिंक देतं. तिच्यात तुमचा कोड असतो. कुणी ती लिंक दाबून खरेदी केली, की कोडवरून विक्री तुमच्या नावावर लागते.

ॲमेझॉनने ही योजना 1996 मध्ये अमेरिकेत सुरू केली. कंपनीचं भारतातलं ऑनलाइन दुकान सुरू झालं 2013 मध्ये. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. लिंक दाबल्यावर साधारण 24 तासांतली खरेदी मोजली जाते. पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. आपल्याच लिंकवरून आपणच खरेदी केली, तर कमिशन नाही.

आता हिशोब करू. 500 रुपयांची वस्तू आणि 4 टक्के कमिशन धरा. एका विक्रीमागे 20 रुपये. लिंक दाबणाऱ्या शंभरातल्या तिघांनी खरेदी केली, तर 60 रुपये. महिन्याला 3,000 रुपये हवे असतील, तर 5,000 वेळा लिंक दाबली जायला हवी. म्हणजे हे जोड उत्पन्न आहे. त्याच्या भरवशावर नोकरी किंवा शिक्षण सोडू नका.

सकाळच्या गाडीने कासूहून पनवेलकडे कामाला जाणाऱ्या मुलाला वरच्या दोन-तीन हजारांची गरज असतेच. त्याची ही गरज हेरणारेही असतात. ‘पाच हजारांचा कोर्स घे, मग तोच कोर्स चार मित्रांना विक’, असं सांगणारा फोन येतो. यालाही ते ॲफिलिएट मार्केटिंगच म्हणतात. अशा वेळी एकच प्रश्न विचारा: पैसा माल विकून येतो, की माणसं जोडून? माणसं जोडून येत असेल, तर दूर राहा. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे. त्यात सभासद होणं आणि दुसऱ्याला करून घेणं, दोन्ही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बुडतात ते आपल्याच मामाचे, खालाचे, दोस्ताचे पैसे.

विश्वास बुडाला की काय होतं, हे पेण तालुक्याला वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि ठेवीदार वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले.

मग सुरुवात कशी करायची? जे काम तुमच्या हाताला माहीत आहे, तिथून करा. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्याला कुठली स्प्रेगन लवकर तुंबते ते कळतं. शिवणकाम करणाऱ्या मुलीला कुठल्या सुईने जाड कापड शिवलं जातं ते माहीत असतं. हे साध्या मराठीत, व्हिडिओत दाखवा. वस्तूतला दोषही सांगा. न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नका.

आणि लिंकच्या वरच, ठळक मराठीत लिहा: ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं.’ केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड करायचा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘ही कमाई हलाल का?’ असं मुलं मला विचारतात. मी मौलाना नाही. पण सौद्यात काही लपवायचं नाही, एवढं तर आपल्याला घरीच शिकवलेलं असतं.

पहिल्या महिन्यात वापरलेल्या फक्त पाच वस्तू निवडा. एका वहीत किती जणांनी लिंक दाबली, किती विक्री झाली, किती माल परत गेला ते लिहा. परत गेलेल्या मालावर कमिशन मिळत नाही. कमाई आयकर विवरणपत्रात दाखवा. सहा महिन्यांनी वही उघडा. डेटा आणि वेळेचा खर्चही निघत नसेल, तर हे काम बंद करा आणि तोच वेळ एखादं कौशल्य शिकण्यात घाला.